मध्यक: रांगेत मधोमध कोण उभं आहे?

एका आठवड्यात घरून कामाच्या ठिकाणी चालत जायला किती मिनिटं लागली, ते मी रोज वहीत लिहून ठेवलं. सात दिवसांचे आकडे असे आले: १२, १४, ११, १३, १२, ४७, १३. आता कुणी विचारलं की साधारण किती वेळ लागतो, तर काय सांगायचं?

शाळेपासूनची सवय आधी सरासरीकडे नेते. बेरीज १२२, भागिले ७, म्हणजे जवळपास १७.४ मिनिटं. गणित अगदी बरोबर आहे. पण वहीतले आकडे पुन्हा बघा. सात दिवसांत एकदाही सतरा मिनिटं लागलेली नाहीत, अठराही नाहीत. सहा दिवस मी फार तर चौदा मिनिटांत पोचलो आणि एक दिवस नेहमीचा रस्ता बंद होता म्हणून लांबचा वळसा पडला. त्या एका दिवसाचा जास्तीचा वेळ सरासरीनं सातही दिवसांवर सारखा वाटून टाकला आणि जो आकडा हाती आला तो कुठल्याच दिवसाचा नाही.

आता तेच आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत उभे करू: ११, १२, १२, १३, १३, १४, ४७. रांगेच्या बरोबर मधे, चौथ्या जागेवर, १३ आहे. त्याच्या डावीकडे तीन आकडे, उजवीकडे तीन. हा १३ म्हणजे या सात आकड्यांचा मध्यक. "साधारण तेरा मिनिटं लागतात" हे उत्तर ऐकणाऱ्याच्या खरंच उपयोगाचं आहे.

इथेच नावांचा घोळ मिटवून टाकू, कारण आपल्याकडे तो हमखास होतो. शाळेच्या पुस्तकात 'मध्य' म्हणजे सरासरी आणि 'मध्यक' म्हणजे रांगेतला मधला. फरक एका 'क'चा, पण अर्थ पूर्ण वेगळा. तिसरा भाऊ 'बहुलक', म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा. आमच्या सात दिवसांत १२ आणि १३ दोन्ही दोनदा आलेत, म्हणजे बहुलकच दोन झाले. लहान सामग्रीत बहुलकाचं असं बरेचदा होतं, म्हणून त्याला इथेच सोडतो. या लेखात मी सरासरीला सरासरीच म्हणणार आहे, म्हणजे 'मध्य' आणि 'मध्यक' डोळ्यांना एकसारखे दिसून फसवणार नाहीत.

मध्यक काढण्याची रीत दोन वाक्यांत संपते. आकडे क्रमानं लावायचे. एकूण आकडे विषम असतील तर मधला घ्यायचा, सम असतील तर मधले दोन घेऊन त्यांची सरासरी काढायची. मधली जागा मोजायला एकूण संख्येत १ मिळवून २ नं भागायचं: सात असतील तर ८ भागिले २, म्हणजे चौथी जागा. आठ असतील तर साडेचार येतं, म्हणजे चौथ्या आणि पाचव्याच्या मधे. समजा आठव्या दिवशी मी १० मिनिटांत पोचलो. रांग झाली १०, ११, १२, १२, १३, १३, १४, ४७. चौथा १२, पाचवा १३, मध्यक १२.५.

रीत इतकी सोपी असूनही चुका होतात, आणि त्या ठरलेल्या आहेत. पहिली, आकडे क्रमानं न लावताच मधला उचलणं. वहीतल्या मूळ क्रमात चौथा आकडा योगायोगानं १३ आहे म्हणून उत्तर बरोबर येईल आणि चूक लपून राहील, हे जास्त वाईट. दुसरी, जागेचा क्रमांक हेच उत्तर समजणं. सात आकडे, चौथी जागा, आणि उत्तराच्या रेघेवर "मध्यक = ४". आपण रांगेत ज्याच्यापर्यंत पोचलो त्याचं मोल लिहायचं असतं, तो कितव्या जागेवर उभा आहे ते नाही. तिसरी, पुन्हा आलेले आकडे एकदाच लिहिणं. ११, १२, १३, १४, ४७ अशी रांग केली तरी इथे मध्यक १३ च येतो, पण ३, ३, ३, ३, ९ या पाचांत पुनरावृत्ती काढून टाकली तर ३ आणि ९ उरतात आणि मध्यक ३ ऐवजी ६ होतो. तीन जण रांगेतून हाकलले की मधली जागा हलणारच.

संगणकावरच्या तक्त्यात काम करणाऱ्यांसाठी आणखी दोन खड्डे आहेत. आकडे मजकूर म्हणून साठवलेले असतील तर क्रम अक्षरांसारखा लागतो: १००, १२, ९. पहिलं अक्षर १, म्हणून शंभर सगळ्यांच्या पुढे. दुसरा खड्डा रिकाम्या खान्याचा. नोंद झाली नाही तिथे काही जण ० लिहितात. रिकामं खानं मध्यकाच्या सूत्रात मोजलं जात नाही, शून्य मात्र मोजलं जातं. १२, १३, १५ या तीन खऱ्या नोंदींचा मध्यक १३. न झालेल्या दोन नोंदींच्या जागी शून्यं घातली की रांग ०, ०, १२, १३, १५ होते आणि मध्यक १२. फरक एकाचाच दिसतो, पण दोन शून्यांच्या ऐवजी चार घातली असती तर मध्यक थेट शून्यावर आला असता.

"निम्मे खाली, निम्मे वर" या व्याख्येतही थोडी दुरुस्ती हवी. वरच्या ३, ३, ३, ३, ९ मध्ये मध्यक ३ आहे आणि त्याच्या खाली एकही आकडा नाही. मग निम्मे खाली कुठले? नेमकं म्हणायचं तर असं: किमान निम्मे आकडे मध्यकाइतके किंवा त्याहून लहान असतात, आणि किमान निम्मे मध्यकाइतके किंवा त्याहून मोठे. "इतके किंवा" हे शब्द गाळले की लहान सामग्रीत व्याख्या मोडते, कारण लहान सामग्रीत सारखे आकडे मधोमध गर्दी करून उभे असणं नेहमीचंच.

जागा महत्त्वाची, मोल नाही

मध्यकाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर मी ही सांगेन: मध्यकाला रांगेतली जागा कळते, अंतर कळत नाही. ४७ च्या जागी ४७० लिहा, मध्यक १३ च राहतो. शेवटचा माणूस रांगेत किती लांब उभा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तो शेवटी आहे एवढंच पुरतं. मध्यकाचा सगळा गुण यातून येतो आणि सगळी अडचणही यातूनच येते.

गुण आधी बघू. विमानांच्या नियंत्रणव्यवस्थेत एकच गोष्ट मोजायला तीन संवेदक लावून त्यांतला मधला आकडा घेण्याची पद्धत आहे. समजा वेग मोजणारे तीन संवेदक २५१, २५० आणि ९० नॉट दाखवतायत. तिसरा बिघडलाय हे आपल्याला दिसतं, पण यंत्राला ते एका क्षणात कसं कळावं? सरासरी काढली तर १९७ येते, म्हणजे एका बिघडलेल्या संवेदकानं दोन चांगल्यांनाही खाली ओढलं. मधला घेतला तर २५०. आणि बिघडलेल्यानं ९० ऐवजी ९०० दाखवले असते तर? मधला २५१. कोण बिघडलंय हे न ओळखताच बिघाड बाजूला पडतो. तीनांत एक, पाचांत दोन, सातांत तीन इतके आकडे वाट्टेल तसे बिघडले तरी मध्यक चांगल्या आकड्यांच्या टप्प्याबाहेर जात नाही. निम्म्याहून जास्त बिघडले की मात्र काही खरं नाही. सरासरीला तर बिघडायला एकच आकडा पुरतो.

याहून जवळून दिसेल असं उदाहरण छायाचित्राचं आहे. डिजिटल छायाचित्र म्हणजे बारीक चौकटींची जाळी, आणि करड्या छटांच्या चित्रात प्रत्येक चौकटीला ० म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा असा एक आकडा. कधी कधी चित्रावर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे पांढरे-काळे ठिपके उमटतात. एक ठिपका घ्या आणि त्याच्याभोवतीचे आठ शेजारी घ्या:

११८, १२१, ११९
१२०, २५५, १२२
११७, १२०, १२१

मधला २५५ हा ठिपका. त्याच्या जागी नवांची सरासरी ठेवली तर जवळपास १३५ येते, म्हणजे ठिपका फिका झाला पण गेला नाही. शिवाय आजूबाजूच्या चौकटींवर हीच क्रिया करताना तो २५५ प्रत्येकीच्या बेरजेत शिरतो आणि डाग पसरतो. आता क्रम लावा: ११७, ११८, ११९, १२०, १२०, १२१, १२१, १२२, २५५. पाचवा १२०. ठिपक्याच्या जागी १२० ठेवला की तो गेलाच, मागमूसही उरत नाही. चित्र साफ करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही गाळणी असते, आणि तिचं सगळं काम म्हणजे नऊ आकड्यांचा मध्यक, पुन्हा पुन्हा, दर चौकटीला एकदा.

ही गाळणी कडासुद्धा जपते. चित्रात गडद भिंत संपून उजळ आकाश सुरू होतं तिथे नवांपैकी सहा चौकटी ४० च्या आणि तीन २०० च्या असतील. सरासरी ९३ येते, आणि कडेच्या जागी ना भिंत ना आकाश असा करडा पट्टा तयार होतो. मध्यक ४० देतो. भिंत भिंतच राहते.

आणि आता अडचण, त्याच जाळीत. चित्रात एका चौकटीइतकी बारीक उभी तार आहे असं समजा. तारेवर मधोमध ठेवलेल्या नऊ चौकटींत तारेच्या तीन आणि आकाशाच्या सहा. मध्यक आकाशाचा. म्हणजे गाळणीनं तार पुसून टाकली, आणि ती तर खरी होती. मध्यकाला खोटा ठिपका आणि खरी तार यांत फरक करता येत नाही. त्याला एवढंच कळतं की हे निम्म्यापेक्षा कमी आहेत. म्हणून "मध्यक चुकीचे आकडे काढून टाकतो" असं कुणी म्हणालं की मला ते खटकतं. मध्यक अल्पसंख्य आकड्यांचं मोल ऐकत नाही. ते चुकीचे होते की खरे पण विरळ, हे आपल्यालाच तपासावं लागतं. माझ्या वहीतला ४७ चुकीचा नव्हता. त्या दिवशी मी खरोखर ४७ मिनिटं चाललो.

हे बहुमताचं नातं इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी फार नेमकं पकडलं होतं. १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यानंतरचं वजन ओळखायची स्पर्धा होती. लोकांनी चिठ्ठ्यांवर अंदाज लिहून दिले. वाचता येतील अशा ७८७ चिठ्ठ्या गाल्टननी मिळवल्या आणि क्रमानं लावल्या. ७८७ विषम, म्हणजे मधली ३९४ वी. तिच्याशी १२०७ पौंड हा आकडा आला. प्रत्यक्ष वजन त्यांनी दिलंय ते ११९८ पौंड, म्हणजे चूक एक टक्क्याहूनही कमी. मार्च १९०७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे छापताना त्यांनी मधला अंदाजच का घेतला याचं कारण दिलं: त्याहून कमी कुठलाही आकडा धरा, निम्म्याहून जास्त लोक म्हणतील की तो कमी आहे, आणि त्याहून जास्त धरा, तर निम्म्याहून जास्त म्हणतील की तो जास्त आहे. फक्त मधल्या आकड्याविरुद्ध बहुमत उभं राहू शकत नाही. सरासरीवर त्यांचा आक्षेप असा की तीत अतिरेकी अंदाज करणाऱ्याला त्याच्या अतिरेकाइतकं जास्त वजन मिळतं. खरं तर नंतर काढलेली सरासरी ११९७ होती, म्हणजे त्या दिवशी सरासरी जास्त जवळ पोचली. हे सांगायलाच हवं, कारण मध्यक प्रत्येक वेळी सरस ठरतो असं मुळीच नाही. आकडे दोन्ही बाजूंना सारखे, घंटेच्या आकारात पसरलेले असतील आणि टोकाला गडबड नसेल तर सरासरी जास्त काटेकोर असते. अशा मोठ्या सामग्रीत १०० नोंदींच्या सरासरीइतकी अचूकता मध्यकातून मिळवायला साधारण १५७ नोंदी लागतात.

भेटायचं कुठे?

मध्यकाचा एक गुण मला सगळ्यांत सुंदर वाटतो, म्हणून त्याच्यावर थोडा रेंगाळतो. सरळ रस्त्यावर पाच मित्र राहतात, एका टोकापासून २, ३, ५, ९ आणि ३१ या अंतरांवर. भेटायची जागा अशी हवी की पाचही जणांच्या चालण्याची बेरीज कमीत कमी व्हावी. सरासरी आहे १०. तिथे भेटले तर चालणं ८, ७, ५, १ आणि २१, एकूण ४२. मध्यक आहे ५. तिथे भेटले तर ३, २, ०, ४ आणि २६, एकूण ३५.

३५ हून कमी कुठेच होणार नाही, आणि का ते बघायला सूत्र लागत नाही. ५ वर उभे राहा आणि एक पाऊल उजवीकडे सरका. उजवीकडच्या दोघांचं, म्हणजे ९ आणि ३१ वाल्यांचं, एकेक पाऊल वाचलं. पण २, ३ आणि ५ वर राहणाऱ्या तिघांचं एकेक पाऊल वाढलं. दोन वाचली, तीन वाढली, तोटाच झाला. डावीकडे सरकलात तरी तेच: दोघांचं वाचतं, तिघांचं वाढतं. दोन्ही बाजूंची माणसं सारखी असतात तिथेच हे ओढणं थांबतं. ३१ वाला आणखी शंभर पावलं दूर राहायला गेला तरी तो अजूनही उजवीकडचा एकच माणूस आहे, त्यामुळे भेटायची जागा हलत नाही.

मित्र सहा असतील तर मधल्या दोघांच्या दरम्यान कुठेही भेटा, बेरीज तेवढीच येते. म्हणजे सम आकड्यांत मध्यक खरं तर एक बिंदू नसून एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याचा मधला बिंदू घेणं हा सोयीसाठी पाळलेला संकेत आहे. हा संकेत कधी कधी चालतही नाही. उत्तरं "वाईट, बरं, चांगलं, उत्तम" अशी शब्दांत असतील तरी ती क्रमानं लावता येतात, म्हणून मध्यकही काढता येतो, सरासरी काढता येत नाही. पण मधले दोन "बरं" आणि "चांगलं" आले तर त्यांची बेरीज करून दोनानं भागणार कसं? तेव्हा दोन्ही सांगावेत. रंगांना मात्र क्रमच नाही, तिथे मध्यकाचा प्रश्नच येत नाही.

न संपलेल्या मोजणीतून उत्तर

पाच दिवे एकाच वेळी लावले आणि कुठला किती तास टिकतो ते बघायचंय. पहिला ४०० तासांनी गेला, दुसरा ७५०, तिसरा ९०० तासांनी. तिसरा गेला त्या क्षणी मध्यक कळला: ९००. उरलेले दोन अजून जळतायत, पुढे कधीही जावोत, रांगेत ते तिसऱ्याच्या पुढेच उभे राहणार. सरासरीला शेवटचा दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं. वैद्यकात आजारानंतरच्या आयुष्याचे आकडे बहुतेक वेळा मध्यकात देतात त्यामागे हेही एक कारण आहे. अभ्यास संपतो तेव्हा बरेच रुग्ण जिवंत असतात, आणि त्यांचा आकडा अजून ठरलेलाच नसतो.

पण असा आकडा वाचणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, म्हणून तो नीट वाचता आला पाहिजे. जुलै १९८२ मध्ये अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना पोटातल्या मेसोथेलिओमा या कर्करोगाचं निदान झालं. त्यांनी वैद्यकीय लेख शोधून वाचले, तेव्हा निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने असल्याचं समजलं. घाबरलेला माणूस याचा अर्थ "माझ्याकडे आठ महिने आहेत" असा काढतो. गूल्ड आकड्यांत मुरलेले होते. त्यांनी स्वतःला विचारलं की निम्मे रुग्ण आठ महिन्यांपलीकडे जगतात, तर किती पलीकडे? डावीकडे रांग शून्यापाशी अडते, तिथे पसरायला आठच महिन्यांची जागा. उजवीकडे भिंतच नाही, तिथे शेपूट कित्येक वर्षं लांबू शकते. आपलं वय, लवकर झालेलं निदान, मिळणारे उपचार हे सगळं पाहता आपण त्या लांब शेपटीत असू शकतो असा त्यांनी विचार केला. ते आणखी वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये दुसऱ्याच एका कर्करोगानं गेले. आठ महिने हा आकडा तेव्हाही खोटा नव्हता. मध्यकानं मधल्या जागेबद्दल सांगितलं होतं, उजवीकडे रांग किती लांब आहे याबद्दल काहीच नाही.

जिथे मध्यकाला विचारू नये

एकूण बेरीज हवी असेल तर मध्यक उपयोगाचा नाही. १३ गुणिले ७ म्हणजे ९१, आणि मी त्या आठवड्यात चाललो १२२ मिनिटं. जिथे एकूण खर्च, एकूण साठा, एकूण वेळ भरायचा आहे तिथे टोकाचा आकडा मोजायलाच हवा, आणि तिथे सरासरीच लागते.

दोन गटांचे मध्यक माहीत असले तरी एकत्र गटाचा मध्यक त्यांवरून काढता येत नाही. १, २, ९ चा मध्यक २ आणि ३, ४, ५, ६, ७ चा ५. सगळे एकत्र केले तर रांग होते १, २, ३, ४, ५, ६, ७, ९ आणि मध्यक ४.५. दोन आणि पाचाच्या दरम्यान कुठेतरी येणार एवढं सांगता येतं, नेमकं कुठे ते मूळ आकड्यांशिवाय नाही. सरासरीचं तसं नाही, गटातली संख्या ठाऊक असली की ती जोडता येते.

याहून फसवा प्रकार "आधी" आणि "नंतर"चा. तीन जणांचे आधीचे गुण १०, २०, ३०. काही सरावानंतर तेच अनुक्रमे २५, १५, २१. आधीचा मध्यक २०, नंतरचा रांग लावून २१. म्हणजे मध्यक एकानं वाढला, सुधारणा झाली असं वाटतं. आता प्रत्येकाचा बदल बघा: पहिला १५ नं वर, दुसरा ५ नं खाली, तिसरा ९ नं खाली. बदलांचा मध्यक उणे ५. तिघांतले दोघे घसरलेत! मध्यकांतला फरक आणि फरकांचा मध्यक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच माणसाची दोनदा मोजणी असेल तर आधी प्रत्येकाचा फरक काढावा आणि मग मध्यक.

लहान सामग्रीत मध्यक उड्याही मारतो. २, ३, ४, २०, २१ चा मध्यक ४. एक २२ आला की मधले दोन ४ आणि २०, मध्यक १२, जिथे आसपास कुणीच नाही. आणखी एक २३ आला की मध्यक २०. दोनच नोंदी वाढल्या आणि ४ चे २० झाले. आकड्यांचे दोन घोळके असतील आणि मधे मोठी दरी असेल तर मध्यक त्या दरीच्या काठावर उभा असतो, जरा धक्का लागला की या काठावरून त्या काठावर. अशा वेळी एक आकडा सांगण्याचा हट्टच सोडावा आणि घोळके दोन आहेत असं लिहावं.

पाचच आकड्यांवर किती विश्वास?

लोक लहान सामग्रीला हसतात. पाच नोंदींवरून काय कळणार, म्हणतात. मध्यकाच्या बाबतीत पाच नोंदी बरंच सांगतात, फक्त त्या मोठ्या समूहातून यदृच्छेनं, म्हणजे चिठ्ठ्या काढाव्यात तशा, निवडलेल्या हव्यात. पूर्ण समूहाचा मध्यक आपल्याला माहीत नाही. पण कुठलीही एक नोंद त्याच्या वर असण्याची शक्यता निम्मी आणि खाली असण्याची निम्मी. नाणं उडवण्यासारखंच. पाचही नोंदी वरच पडण्याची शक्यता निम्म्याच्या निम्मे असं पाचदा, म्हणजे ३२ त १. पाचही खालीच पडण्याची तेवढीच. या दोन प्रसंगांत मात्र खरा मध्यक आपल्या पाचांच्या बाहेर राहतो. उरलेल्या ३२ पैकी ३० वेळा, म्हणजे ९३.७५ टक्के, तो आपल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांच्या दरम्यान सापडतो. सहा नोंदी घेतल्या तर ९६.९ टक्के. नऊ घेतल्या तर दोन्ही टोकांचा एकेक आकडा सोडून, दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचा टप्पा धरला तरी ९६ टक्के.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कागदावर नाणी उडवून मोजून पाहिल्याशिवाय चैन पडलं नव्हतं. आकडे कसेही पसरलेले असोत, घंटेसारखे किंवा लांब शेपटीचे, हिशेब बदलत नाही, कारण तो फक्त वर की खाली एवढंच मोजतो. पण चिठ्ठीची अट मोडली, म्हणजे ओळखीचे पाच जण गाठले किंवा लागोपाठचे पाच दिवस घेतले, तर ही टक्केवारी लागू होत नाही. माझे सात दिवस लागोपाठचे होते. त्यांच्यावरून वर्षभराचा अंदाज मी बांधणार नाही.

पसारा सांगायलाही मध्यकच वापरता येतो. १३ पासून प्रत्येक दिवसाचं अंतर काढा: २, १, १, ०, ०, १, ३४. क्रमानं ०, ०, १, १, १, २, ३४, आणि मधला १. म्हणजे नेहमीचा दिवस तेरा मिनिटांचा, एखाद मिनिट इकडेतिकडे. ४७ त्या सगळ्यांपासून लांब, एकटा. आता वहीत त्या आठवड्याखाली मी एकच ओळ लिहिली आहे: "सात दिवस; मध्यक १३ मिनिटं; सर्वांत कमी ११, सर्वांत जास्त ४७, त्या दिवशी रस्ता बंद."